खिळ्यांचा पट्टा

बावन्नाव्या वर्षी मी अर्धमॅरेथॉनच्या तयारीला लागलो आणि ओतूरबाहेर उसाच्या कडेच्या रस्त्यावर रोज उजाडताना पळू लागलो. तिथेच तो धनगर भेटायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढे मेंढरं, खांद्यावर आडवी काठी, शेजारी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेला काळा कुत्रा. मी दिसलो की तो आधी माझ्या मागे बघायचा, मग माझ्याकडे.

"कोण लागलंय मागं?"

"कोणी नाही हो. तब्येतीसाठी पळतोय."

तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या मागचा ऊस निरखायचा. मला राग यायचा. शेवटी एकदा त्याने काठी आडवी धरून मला थांबवलंच.

"भाऊ, हितं बिबट्या हाय. त्याला काय ठाऊक, तुमी हौसेनं पळताय?"

मी हातातलं महागडं घड्याळ थांबवलं. तेवढ्यात त्याने कुत्र्याचा पट्टा सोडला, धोतराला पुसला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

"बिबट्या नरडंच धरतो. ऱ्हाऊ द्या."

"अहो, मग कुत्र्याचं काय?"

"त्याची काळजी नगं. ते उगाच न्हाई पळत."

कुत्रा मोकळ्या मानेने बांधावर ऐसपैस बसला. मी पट्ट्यासकट निघालो आणि थोडं पुढे गेल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मागे वळून ऊस बघितला.