अयोध्याबाईंचा नंबर

लातूरच्या एका सरकारी रुग्णालयात, जळीत वॉर्डात, अयोध्याबाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. जळकोट तालुक्यातल्या आपल्या खेड्यातून नांदेडला नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. "परक्यांची अंगं पुसायला चालली," असं तेव्हा तिचे चुलते पारावर बसून म्हणाले होते. पुढं त्याच चुलत्यांचा पाय भाजला तेव्हा ड्रेसिंग अयोध्याबाईंनीच केलं. बोलून काही दाखवलं नाही. पट्टी सोडताना हात जरा झटक्यानं चालायचा, एवढंच.

जळीत वॉर्डात कोणी आपखुशीनं येत नाही. नव्या सिस्टर थोड्याच दिवसांत बदलीसाठी खेटे घालू लागतात. अयोध्याबाई मात्र तिथं रुजल्या. त्या समोर उभ्या राहिल्या की पेशंट ओरडायलाही बिचकत. बिचकत, आणि ड्रेसिंगला दुसरी कोणी आली तर "मोठ्या सिस्टर कुठं गेल्या?" म्हणून रुसत.

दर गुरुवारी नांदेडहून डॉ. मनस्विनी येत आणि भाजलेल्या जागी मांडीची कातडी लावण्याच्या शस्त्रक्रिया करत. पेशंट पुष्कळ, टेबल एक. कोणाला आधी घ्यायचं हे अयोध्याबाई ठरवत. त्यांचा क्रम साधा होता. दैवानं भाजलेला आधी, आपल्या हातानं भाजून घेतलेला नंतर. दारूच्या नशेत शेकोटीत पडलेला मागं. पैजेखातर हातात फटाका फोडलेला मागं. "सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा," त्या म्हणत. "ज्याची चूक नाही त्याचं आधी नको का व्हायला?" यात गैर आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनाही ते सोयीचं होतं, कारण नातेवाइकांशी भांडण त्यांच्या वाट्याला येत नसे. वॉर्डात त्याला 'अयोध्याबाईंचा नंबर' म्हणत.

त्या गुरुवारी दोघींना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. पहिली शिरूर अनंतपाळकडची रुक्मिणबाई. पाठ आणि खांदा भाजलेला, त्यामुळे ती पालथी पडून असायची. "स्टो भडकला," असं तिच्या मुलानं दाखल करताना सांगितलं होतं. या ना त्या कारणानं तिची शस्त्रक्रिया प्रत्येक गुरुवारी पुढं ढकलली जात होती. दुसरी अहमदपूरची दामिनी.

दामिनीनं माळेगावच्या जत्रेत उजव्या हाताच्या कोपरावर, आतल्या बाजूला, आईचं नाव गोंदवून घेतलं होतं. पुढं केंद्रीय सुरक्षा दलाच्या भरतीत ती उतरली. धावण्यात पास, लेखीत पास, आणि वैद्यकीय तपासणीत अडकली. सॅल्यूटच्या हातावर गोंदण चालत नाही, काढून फेरतपासणीला ये, असं तिला सांगण्यात आलं. लेझरनं काढायचं तर खासगीत जावं लागतं आणि त्याला बरेच महिने लागतात. घरात आजीनं पायाच्या भेगांसाठी ठेवलेला बिब्बा होता. बिब्ब्यानं कातडी जाते हे सगळ्या गावाला ठाऊक. किती खोल जाते हे कोणी सांगत नाही. नाव गेलं, कातडी गेली, जखम चिघळली. आता ती भरता भरता कोपर आत ओढला जात होता. सॅल्यूट राहू द्या, साधी बादली उचलायलाही हात सरळ होत नव्हता.

"कशानं भाजलं?" दाखल करून घेताना अयोध्याबाईंनी विचारलं होतं.

"बिब्बा लावला."

"कोणी?"

"मीच."

झालं. तिचा नंबर शेवटी गेला.

पण वॉर्ड रिकामा होत होत ती पुढं सरकली होती आणि त्या दिवशी दोघींचंही होणार होतं. तेवढ्यात निरोप आला की भूलतज्ज्ञांना दुपारी बाळंतपणाच्या तातडीच्या केसला जायचंय. वेळ एकाच शस्त्रक्रियेपुरता होता.

डॉ. मनस्विनींनी दोघींच्या जखमा पाहिल्या आणि अयोध्याबाईंना दाराशी बोलावलं.

"मुलीचा कोपर आज सोडवला तर सुटेल. आणखी आठवड्यानं आकसून बसला तर काम मोठं होईल. फेरतपासणी तर जाईलच."

"आणि रुक्मिणबाई?"

"त्रास आहे, जंतूची भीतीही आहे. पण चांगलं ड्रेसिंग झालं तर आठवडा निघेल."

"मॅडम, त्या मुलीनं हातानं करून घेतलंय. नाव खोडायला! उद्या कोणी म्हणेल, सरकारी टेबलावर नटण्यामुरडण्याची ऑपरेशनं चालतात."

"म्हणतील," डॉक्टर म्हणाल्या. "आणि त्या बाईंना आपण कितीदा उपाशी ठेवून परत जेवायला घातलंय, तेही मला दिसतंय. म्हणून तुम्हाला विचारतेय. मी तयारीला लागते. कोणाला पाठवताय ते लगेच कळवा."

अयोध्याबाई वॉर्डात परतल्या. दामिनीची आई सिंधु दोन खाटांच्या मधेच उभी होती.

"सिस्टर, आमचा नंबर लागायलाय ना?"

"आधी रुक्मिणबाई. तुमचं पुढच्या गुरुवारी."

"तवर हात वाकडाच बसंल की! डॉक्टरीणबाई आता म्हणल्या, म्या ऐकलं."

"ऐकलंत ना? मग हेही ऐका. काही न करता भाजलेली माणसं इथं वाट बघत पडलीत. तुमच्या लेकीनं आपल्या हातानं जाळून घेतलंय."

"माझंच नाव जाळलं तिनं," सिंधु म्हणाली. "मला राग न्हाई, मंग तुम्हाला कामून यायलाय?"

खिडकीजवळच्या खाटेवरून कोणीतरी खुदकन हसलं. अयोध्याबाईंनी तिकडं पाहताच हसू थांबलं.

"आई, तू गप," दामिनी म्हणाली. मग उठून बसली. "सिस्टर, एक विचारू? मी बी स्टो भडकला म्हणाले असते तर?"

"जखमेनं सांगितलं असतं मला. बिब्ब्याची जखम लपत नाही."

"मंग सगळ्याच जखमा सांगतेत का तुम्हाला?"

अयोध्याबाई रुक्मिणबाईच्या खाटेशी गेल्या आणि तिला आत न्यायच्या तयारीला लागल्या. हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला त्यांनी तिचं मनगट धरलं, तसं रुक्मिणबाईनं उलट त्यांचंच मनगट पकडलं.

"बाई, आमच्या घरी स्टो न्हाई."

"काय?"

"गॅस हाय. कवाचा हाय." तिचं तोंड उशीत अर्धं दबलेलं होतं. "रोजची कटकट चालायची. एका दुपारी डोकंच फिरलं माझं, म्याच पेटवून घेतलं. लेकानं स्टो सांगितला, म्या बी हूं म्हणले."

अयोध्याबाईंनी दाराकडं पाहिलं. तिचा मुलगा बाहेर पाठमोरा उभा होता. "हळू बोला. मला कशाला सांगताय हे?"

"त्या पोरीला तुम्ही जे बोलल्या ना, ते मलाच लागून राहिलं. तुमच्या हिशेबानं माझा नंबर तिच्या बी मागं हाय."

अयोध्याबाई खाटेच्या कडेला टेकल्या. गावोगावी गॅस आला, तरी वॉर्डात स्टो भडकायचे थांबले नव्हते, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पाठीवर स्टो कसा भडकतो, हा प्रश्न त्यांनी या बाईला कधी विचारला नव्हता. कोणालाच विचारला नव्हता. स्टो म्हटलं की त्या लिहून घेत आणि पुढच्या खाटेकडं वळत. इतक्या वर्षांत आपल्या हातून मागं कोण पडत गेलं? जे कबूल झाले ते. आणि आता हिला मागं टाकलं, तर तिलाही खरं बोलल्याचीच शिक्षा.

बाहेरून वॉर्डबॉय ओरडला, "सिस्टर, कोणाला आणू? मॅडम थांबल्यात!"

"थांब जरा!"

त्यांनी रुक्मिणबाईच्या पाठीवरची पट्टी उचलून पाहिली. मांस लाल होतं, स्वच्छ होतं. मग पलीकडं जाऊन दामिनीचा हात धरला आणि हलकेच सरळ करून पाहिला. कोपर अर्ध्यावर अडला. दामिनीनं ओठ चावला. दाखल केलं तेव्हापेक्षा आता तो बराच कमी उघडत होता, आणि मधल्या दिवसांत हे आपण पाहिलंच नव्हतं, कारण तिचा नंबर शेवटचा होता.

"हिला घे," त्या वॉर्डबॉयला म्हणाल्या.

सिंधुनं तोंडावर पदर धरला. दामिनी स्ट्रेचरवर चढली. दाराशी डॉ. मनस्विनींनी भुवया उंचावल्या. "बदललंत?"

"हो. मी लावलेला नंबर चुकला होता, मॅडम. जखम बघितली नव्हती."

डॉक्टर आत वळल्या. दार लागलं.

अयोध्याबाईंनी चहा मागवला आणि तो घेऊन रुक्मिणबाईशेजारी स्टुलावर बसल्या. तिला एका कुशीवर करून बशीनं चहा पाजला. मग विचारायला हवं ते विचारलं.

"रुक्मिणबाई, आता तसले विचार येतात का मनात?"

"पहिल्यांदा येत व्हते. आता न्हाई. नात झालीय. तिला बघितलं न्हाई अजून."

"आले तर मला सांगायचं. वेळ-अवेळ बघायची नाही. आणि मनाचे डॉक्टर आहेत आपल्याकडं, त्यांना मी उद्या बोलावते. पोलिसांसाठी नाही. तुमच्यासाठी."

रुक्मिणबाईनं मान हलवली.

"दुसरं असं," अयोध्याबाई म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून तुम्हाला मागं ठेवलं नाही. तिचा हात आठवडा थांबणार नव्हता. तुम्ही गप्प राहिला असतात, तरी बघितल्यावर मला हेच करावं लागलं असतं."

"बरं," रुक्मिणबाई म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं. मग तिनं विचारलं, "पुढच्या गुरुवारी नक्की?"

नक्की म्हणणं अयोध्याबाईंच्या जिभेवर आलं होतं. पेशंटला धीर द्यायला त्या नेहमीच म्हणत. आज ते निघालं नाही. "पाठ बिघडू दिली नाही तर," त्या म्हणाल्या, "आणि ती मी बिघडू देणार नाही."

"मंग म्या बोलायला नको व्हतं, न्हाई का?"

अयोध्याबाईंनी रिकामी बशी खाली ठेवली. रुक्मिणबाईनं त्यांचं मनगट पुन्हा धरलं होतं. त्यांची ड्युटी संपली, दुसऱ्या सिस्टर आल्या, किल्ल्या मागू लागल्या. अयोध्याबाईंनी कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या आणि बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डॉ. मनस्विनींनी तिथूनच आपला उजवा हात लांब सरळ करून दाखवला. सिंधु हुंदके देत जमिनीवर बसली. फेरतपासणीत काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोपर मात्र सुटला होता.

सगळे तिकडं धावले. अयोध्याबाईंना उठावंसं वाटलं, पण रुक्मिणबाईचा डोळा लागला होता आणि पकड सैल झाली नव्हती.