अकोल्याच्या माणसालाही ऊन लागतं

“हीट स्ट्रोक,” डॉक्टर म्हणाले आणि मला आधी हसू आलं. खोटं कशाला सांगू? समोर नवरा बर्फाच्या पिशव्यांमध्ये निजवलेला, तोंडावर ऑक्सिजन, हाताला दोन नळ्या, आणि मी तोंडाला पदर लावावा तसा, गाडीत एसीसाठी ठेवलेला स्वेटर लावून हसतेय. त्या तरुण डॉक्टरांना वाटलं बाईंना धक्का बसलाय. त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांना कसं समजावणार की हा माणूस अकोल्याचा आहे, आणि अकोल्याच्या माणसाला ऊन लागत नाही असं मी लग्नापासून ऐकत आलेय!

खुर्चीत बसल्यावर रडू आलं ते वेगळं.

हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात. डॉक्टरांनी मला फरक समजावून सांगितला. उन्हात फिरून चक्कर आली, मळमळलं, घाम फुटला, तर माणूस अजून सावरू शकतो. पण अंग तापत राहिलं आणि डोकं चालेनासं झालं, बोलणं असंबद्ध झालं, की तो हीट स्ट्रोक. शरीराची स्वतःला थंड करायची सोयच तेव्हा बंद पडते. आणि त्याला उन्हात जावंच लागतं असं नाही. दिलीपला तो घरात बसून झाला.

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. दिलीप इथल्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तिथल्या हवेतला दमटपणा, म्हणजे ह्युमिडिटी, सांभाळायचं काम त्याचं; आता रिटायर झालाय. मी रत्नागिरीची. कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलं नाही. इथे उन्हाळ्यात एकशे दहा फॅरनहाइट, म्हणजे त्रेचाळीस सेल्सिअस, ही काही बातमी नसते. मी मे महिन्यात घरात शिरते ती ऑक्टोबरात बाहेर पडते. हा मात्र भर दुपारी लिंबाच्या झाडाला पाणी घालणार, आणि शेजाऱ्याने “टेक केअर” म्हटलं की आत येऊन मला सांगणार, “आमच्याकडे याला कोवळं ऊन म्हणतात.”

जूनचा पहिला आठवडा होता. इथला पाऊस नंतर येतो, त्यामुळे वादळाचं कोणाच्या मनातही नव्हतं. दुपारी आकाश तांबूस झालं, धूळ आली, दिवसाढवळ्या रस्त्यावरचे दिवे लागले. मग विजा, आणि वारा असा की मागच्या अंगणातली लोखंडी खुर्ची कुंपणाला जाऊन आदळली. पाऊस पडला तो जेमतेम जमीन भिजेपर्यंत. पण आमच्या भागातले विजेचे खांब ओळीने मोडले. वीज कंपनीचा मेसेज आला की दुरुस्तीला वेळ लागेल, ज्यांना शक्य आहे त्यांनी दुसरीकडे जावं.

माझी मैत्रीण सुनंदा पलीकडच्या गावात, गिल्बर्टला राहते. तिचा लगेच फोन. “अगं, आमच्याकडे लाइट आहेत. दोघं या, गेस्ट रूम रिकामीच आहे.”

मी बॅग काढली. दिलीप म्हणाला, “एका रात्रीसाठी कोणाच्या घरी बोऱ्याबिस्तरा घेऊन जायचा? लहानपणी आमच्याकडे पंखाही नव्हता. आम्ही काय मेलो?”

हे वाक्य तुमच्याही घरात कोणी बोलत असेल, म्हणून हे सगळं लिहितेय.

रात्र कशीबशी गेली. सकाळी त्याला उत्साहाचं भरतं आलं. अकोल्याला उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायचे, बाहेरची झळ आत येताना गार होऊन यायची, हे मी शंभरदा ऐकलंय. चँडलरला वाळा कुठला? त्याने कपाटातल्या सगळ्या चादरी काढल्या, टबात बुडवल्या आणि धुळीसाठी बंद ठेवलेल्या खिडक्यांना टांगल्या. बादल्या भरभरून चादरी परत परत भिजवत होता. त्याआधी गॅरेजचं दार विजेशिवाय उघडत नाही म्हणून ते जड दार त्याने हाताने उचलून गाडी बाहेर काढली होती. ब्लड प्रेशरसाठी तो रोज ‘वॉटर पिल’ घेतो, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी गोळी. त्या दिवशीही त्याने ती नेमाने घेतली.

मी काही वेळाने गाडीत जाऊन बसले. गाडीचा एसी लावला, फोन चार्ज केला, मध्येच आत येऊन त्याला हाक मारली. “चल ना, थोडा वेळ तरी बस.”

“गाडीत बसून गार व्हायला मी काय आइस्क्रीम आहे?”

मी चिडून परत गाडीत गेले. तिसऱ्यांदा आत आले तेव्हा घरात शिरताना श्वास जड झाला. इडलीच्या कुकरचं झाकण उघडल्यावर तोंडावर येते तशी हवा होती. दिलीप सोफ्याच्या कडेवर बसला होता. चेहरा लालबुंद, अंग कोरडं, आणि मला पाहून तो खणखणीत आवाजात ओरडला, “ह्युमिडिटी वाढलीय! लाइन स्टॉप करा! कोण आहे शिफ्टवर?”

मला वाटलं थट्टा करतोय. “मी आहे शिफ्टवर,” मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

संसाराला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर हा प्रश्न ऐकणं कसं असतं, ते मला लिहिता येणार नाही. मी नाइन वन वन, इथला इमर्जन्सीचा नंबर, लावला. पलीकडची बाई शांतपणे सांगत होती: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मी त्याला जमिनीवर आडवा केला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कणकेच्या परातीने वारा घालत राहिले. त्याआधी घाईत मी तापाची गोळी शोधत होते, तीही द्यायची नसते. हा ताप आजाराचा नव्हे, त्या गोळीचा उपयोग नाही, उलट अपायच.

इमर्जन्सीत नर्सने काय करावं? दिलीपच्या उघड्या अंगावर पाणी फवारलं आणि दोन्ही बाजूंनी मोठे पंखे लावले. मला वाटलं, अरे, हेच तर हा सकाळपासून करत होता! मी डॉक्टरांना तसं बोलूनही दाखवलं. चादरींची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. म्हणाले, “कल्पना चुकीची नाही. पण पाणी उडून जायला कोरडी हवा लागते आणि वारा लागतो. वादळाने हवा आधीच दमट केली होती. खिडक्या बंद, पंखे बंद. त्यात तुम्ही घरभर पाणी टांगलंत.” म्हणजे अकोल्याची युक्ती बरोबर होती, फक्त अकोल्याचा वारा नव्हता. आणि ज्याने जन्मभर कारखान्यातली ह्युमिडिटी सांभाळली, त्याला हे शुद्धीत असताना सुचलं नाही. भ्रमात मात्र सुचलं.

अंगाचं तापमान संध्याकाळपर्यंत उतरलं. रात्री त्याने मला नावाने हाक मारली. मी देवाचे आभार मानून मोकळी झाले, पण घाई केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीच्या पिशवीत अगदी थोडं पाणी होतं, आणि ते काळ्या चहाच्या रंगाचं. रक्ताच्या तपासणीनंतर नवीन शब्द आला: रॅब्डोमायोलिसिस. अति उष्णतेने स्नायू आतून तुटतात, त्यांचा गाळ रक्तात उतरतो आणि किडनीच्या चाळणीत अडकतो. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात चढत चालला होता. किडनीच्या डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, पन्नाशीच्या शांत बाई होत्या. त्या गोलगोल बोलल्या नाहीत. “सलाइन देतोय. किडनी जागी झाली तर ठीक. पोटॅशियम वाढलं तर डायलिसिस करावं लागेल. तो काही दिवसांचा असेल की कायमचा, हे आज मला माहीत नाही.”

कायमचा. आठवड्यातून तीनदा खुर्चीत बसून मशीनने रक्त धुऊन घ्यायचं. मी कॉरिडॉरमध्ये आले. भीती तर होतीच, पण तुम्हाला खरं सांगते, त्याहून जास्त राग होता. सुनंदाची गेस्ट रूम वीस मिनिटांवर होती. तिथे साय धरलेलं दूध आणि गार खोली होती. आणि हा माणूस गावाच्या नाकासाठी किडन्या घालवून बसला! आजारी माणसावर रागवायचं नसतं असं म्हणतात. रागवावं. फक्त त्याच्या उशाशी नाही, कॉरिडॉरमध्ये रागवावं.

मुलगी, मुक्ता, सनीव्हेलहून पहिल्या फ्लाइटने आली. इथेच जन्मलेली, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत. “आई, व्हाय डिडन्ट यू गाइज जस्ट लीव्ह?”

“तुझ्या बाबांना पाठीवर टाकून नेऊ?”

“ही वॉज प्रूव्हिंग व्हॉट? टू हूम?”

आम्ही दोघी व्हेंडिंग मशीनमधली बेचव बिस्किटं खात बसलो. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तेव्हा ती मला सात वर्षांची वाटली.

नंतरचे दिवस मी त्या पिशवीकडे बघण्यात काढले. लोक तीर्थाच्या तांब्याकडे बघत नसतील अशा श्रद्धेने मी लघवीच्या पिशवीकडे बघत होते. नर्स येऊन आकडा टिपायची आणि मी तिच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा प्रयत्न करायची. दिलीपही त्याच पिशवीकडे बघायचा. एकदा म्हणाला, “डायलिसिस लागलं तर तू मला सोडायला येशील का गं दर वेळी? मला गाडी चालवता येणार नाही बहुतेक.” राग तिथेच गळून पडला. मी म्हटलं, “येईन. पण रेडिओवर माझी गाणी लागतील.”

पोटॅशियम वाढता वाढता एका सकाळी थांबलं. डॉक्टर म्हणाल्या, “आज मशीन नको. वाट बघू.” त्या दिवशी दुपारनंतर पिशवीत पाणी जमायला लागलं. आधी गढूळ, मग फिकट, मग स्वच्छ पिवळं. मी सुनंदाला फोन करून एवढंच ओरडले, “झाली गं! भरपूर झाली!” वेटिंग रूममधल्या एका गुजराती आजोबांनी चमकून वर पाहिलं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी हात जोडले.

किडन्या परत आल्या, पण पूर्वीइतक्या नाहीत. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की एकदा हीट स्ट्रोक झालेल्याला पुन्हा लवकर होऊ शकतो. दुपारचं बागकाम बंद. वीज गेली की लगेच घर सोडायचं. आणि दुसऱ्या कुठल्या कडक उन्हाळ्याच्या गावी, जिथे दिवसभर एसीत राहता येणार नाही, तिथे उन्हाळ्यात जायचं नाही. तुमच्या घरात वॉटर पिल घेणारं कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा की अशा दिवशी काय करायचं. मनाने गोळी बंद करू नका, पण विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. त्या नर्सचे, त्या शांत बाईंचे आणि फोनवरच्या त्या अनोळखी आवाजाचे आभार मानायला मला मराठीतही पुरेसे शब्द सापडत नाहीत.

शेवटच्या अटीने दिलीप खचला. पुढच्या मे महिन्यात अकोल्याला त्याच्या पुतण्याचं लग्न. थोरले भाऊ, नाना, यांच्या घरचं शेवटचं कार्य. जाणार नाही हे सांगायचं, तर कारण सांगावं लागणार. आजारपणाचं आम्ही तिकडे ‘इन्फेक्शन झालंय’ एवढंच कळवलं होतं. ती त्याचीच इच्छा. कित्येक दिवस तो फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. नानांना तिकिटाचं कारण सांगू, व्हिसाचं सांगू, मुक्ताचं सांगू, असं त्याचं चाललं होतं. हे त्याचं त्यालाच करायचं होतं.

एका रविवारी सकाळी त्याने फोन लावला, स्पीकरवर. ख्यालीखुशाली झाली. मग तो म्हणाला, “नाना, लग्नाले मी येत नाही. मले ऊन लागलं होतं. घरात बसून. किडनीवर गेलं.” त्याने फोन तोंडाजवळ ओढला. “मले आता ऊन सोसत नाही, नाना.”

मग नानांचा आवाज आला, खूप खाली.

“मले तरी कुठं सोसते रे आता? दोन वर्सं झाले, खोलीत येसी लावला. तुले सांगतलं नाही, तू हासशीन म्हणून.”

दिलीपने डोळ्यांवर हात धरला. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते मला कळेना, बहुधा त्यालाही कळत नसावं. मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं,

“किती टनाचा घेतला?”