मोठ्या दगडामागची वाटी

ओहायोतल्या डब्लिनचे प्रतापकाका रिटायर झाल्यापासून ओढ्यातली वाळू परातीत घोळून हौसेनं सोन्याचे कण शोधतात. त्या शनिवारी नीनाकाकू प्रथमच सोबत गेल्या. पाण्यावर वाकल्या आणि मंगळसूत्र तुटून मण्यांसकट दोन्ही वाट्या ओढ्यात गेल्या. वर ढग गडगडत होते, पाणी गढूळ होऊन चढत होतं.

"मणी वाहून गेले. सोनं जड असतं, ते वळणाच्या आत, मोठ्या दगडामागे बसतं," म्हणत काका कमरेइतक्या पाण्यात उतरले. परात पुन्हापुन्हा रिकामी निघाली. अखेर वाळूत एक वाटी चमकली.

काकूंनी ती निरखली. "ही माहेरची. माझ्या आईनं दिलेली थांबली. आता तुमच्या आईनं दिलेली कुठवर गेली, ते बघा."