रावसाहेबांच्या ओसरीतल्या शिलाई मशिनी

रावसाहेबांनी मला फसवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना गावातच शिवणकाम मिळावं म्हणून मशिनी माझ्या, जागा त्यांची, आणि ती जागा म्हणजे तिसगावच्या वस्तीवरची शेड, असं आमचं ठरलं होतं. त्यांनी मशिनी आपल्या बंगल्याच्या ओसरीत बसवल्या. बायका तिकडं फिरकत नाहीत, हे मला माझ्या मावसबहिणीकडून, सुनीताकडून कळलं. फोनवर म्हणाली, "अक्का, ऊसतोडीची टोळी आज निघती. मीबी चालले."

सावेडीतलं माझं पिशव्या शिवायचं काम तसंच टाकून मी पाथर्डीची एसटी धरली. करंजी घाटात गाडी तापून उभी राहिली.

"बसा निवांत, बाई. घाट कुठं पळतोय?" कंडक्टर म्हणाला.

"घाट नाही हो, टोळीचा ट्रॅक्टर पळतोय!"

गाडीतली माणसं हसली. उतारावर गवत पिवळं पडलं होतं. एक म्हातारी सीताफळं घेऊन आली. तिनं सांगितला तो भाव मी मुकाट्यानं दिला. असं माझ्या हातून कधी होत नाही.

तिसगावात आधी बंगला गाठला. मशिनींवर प्लास्टिक, उद्घाटनाचे हार वाळलेले, भिंतीवर रावसाहेबांच्या वडलांच्या नावाची पाटी.

"ताई, सावली हाय, लाइट हाय, पंखा हाय. अजून काय पायजे?" रावसाहेब म्हणाले.

"शेड पाहिजे होती."

"पाव्हण्यांना काय शेडमध्ये न्यायचं दाखवायला?"

चहा तसाच ठेवून मी वस्तीवर पळाले. ट्रॉलीत पत्रे, हंडे, कोंबड्या चढल्या होत्या. सुनीता सरपण बांधत होती.

"आमी गेल्तो की शिवायला. मालकीण म्हनली, आलाच हाय तर ज्वारी निवडा. मग धुनं. त्या घरात आमी गडी, अक्का. तिथं मशिनीवर कोन बसू देतंय?"

"राहा तू. मशीन मी तुझ्या दारात आणते."

"आज?"

मी सरपणाची दोरी धरून ठेवली.

"आन् ह्यांचं काय? अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिनं माझ्या हातात भाकरी आणि ठेचा कोंबला. "उपाशी असशील. आन् कुनावर वरडू नको."

ट्रॅक्टर गेला.

परतीच्या गाडीत भाकरी खाल्ली, पण राग गिळवेना. रावसाहेब वाईट नाहीत. घर, जमीन, नाव हे सगळं त्यांना जन्मतःच मिळालंय, म्हणून त्यांचं समाजकार्यही उंबऱ्याच्या आतच होतं. मी उसाच्या फडात वाढले. कुणाच्या दारात उभं न राहता बाईला काम मिळावं, एवढंच मला हवं होतं. ते मी स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती.

तर रावसाहेब, सुनीता ट्रॉलीत का चढली, याचं उत्तर द्या. बंगल्यावर बोलावून चहा पाजू नका. वस्तीवर या, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसमोर उभं राहून सांगा.