कोनाड्यातली फणी

आमच्या घरात चोरीबद्दलचे कायदे फार कडक होते, आणि ते नेमके काय आहेत हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. वडील मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, एका ऑफिसात कारकून. ऑफिसची पेन्सिल चुकून खिशातून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी निघताना ती परत नेतोय ना, हे दोनदा चाचपून बघायचे. आई मात्र रोज सकाळी शेजारच्या बंगल्याच्या कुंपणातून हात घालून देवासाठी तगर नि जास्वंद तोडायची. "देवाला वाहिलेलं कुणाचं नसतं," हे तिचं म्हणणं. त्याच कुंपणावरून मी एकदा पेरू काढला, तर तिनं माझा कान पिळला. पेरू देवाला वाहते म्हटलं, तरी पिळला. तेव्हापासून या विषयात माझा जो गोंधळ उडाला, तो सत्तरी उलटली तरी निस्तरलेला नाही.

पण ही गोष्ट पेरूची नाही, मंगलाष्टकांची आहे.

त्या काळी मुलुंडला आमच्यासारख्यांच्या घरी लग्न निघालं की भटजींची संस्कृत मंगलाष्टकं असायचीच, पण त्यांच्या जोडीला घरची मराठीही हवीत. वधूवरांची, आईवडिलांची, आत्या-मामांची नावं त्यांत गुंफायची, गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची, आणि अंतरपाट धरला की गळा बरा असलेल्या एखाद्या मुलीनं ती म्हणायची. पन्नासच्या दशकात मुलुंड स्टेशनच्या आमच्या बाजूला ती मुलगी म्हणजे मी. गळा बरा होता आणि त्याची मला जरा जास्तच जाणीव होती.

वडिलांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यांच्या नात्यातल्या मुलीचं लग्न घाटकोपरला होतं. तिथं मी नुसती पाहुणी होते. म्हणणारी मुलगी कोणी वेगळी होती आणि सुरातही फारशी नव्हती. पण तिसऱ्या कडव्यात एक ओळ आली:

कोनाड्यात तिची फणी विसरली, आई जपे ती पुढे

आणि मांडवभर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नवरीचा एक काका होता, चेहरा दगडासारखा. त्यानंसुद्धा नाक शिंकरलं. मी तो गुलाबी कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि घरी येऊन ट्रंकेत ठेवला. खाली नाव नव्हतं. फक्त छापलेलं होतं: "घरातील बालगोपाळ".

चार महिन्यांनी आमच्याच वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. तिची आई म्हणाली, "म्हणतेस एवढी छान, मग दोन कडवी रच की गं आमच्यासाठी!" मी लगेच "हो" म्हटलं. नाही म्हणायला काय झालं होतं? पण नाही म्हटलं नाही. मग चार दिवस वही घेऊन बसले. चार दिवसांत "कुर्यात् सदा मंगलम्" एवढं जमलं, आणि ते तर आधीपासून तयारच असतं.

पाचव्या दिवशी ट्रंक उघडली.

नावं बदलणं सोपं नव्हतं. घाटकोपरची नवरी तीन अक्षरी, आमची दोन अक्षरी, तिच्या नावामागे "चि." लावून भागवलं. नवऱ्या मुलाचं नाव एवढं लांबलचक की वृत्तात मावेना, शेवटी त्याला निम्माच आत घेतला. आणि एक बदल मात्र माझा स्वतःचा केला. मैत्रीण मॅट्रिक पास होती. तिला फणी काय शोभणार? मी फणीच्या जागी "वही" घातली. कोनाड्यात तिची वही विसरली. अक्षरं बरोबर बसली. मला एवढा आनंद झाला की बाकीचं सगळंही आपणच लिहिलंय, असं वाटायला लागलं.

लग्नात वाहवा झाली. मैत्रिणीच्या आईनं माझ्या हातात खण नि नारळ ठेवला. वडिलांना कोणीतरी म्हणालं, "तुमच्या घरात कवयित्री आहे हो!" आणि पेन्सिल परत नेणारे माझे वडील असे फुलले की त्या क्षणी खरं सांगायची माझी छाती झाली नाही. नंतरही झाली नाही.

पुढे दीड वर्षात पाच लग्नांत मी तेच केलं. प्रत्येक वेळी मनाशी वाद घालायचे. संतांचे अभंग आपण रोज म्हणतो, विचारतो का कोणाला? पुरणपोळी करताना ती पहिल्यांदा कोणी केली म्हणून आई थांबते का? आणि लिहिणारे तर बालगोपाळ. पोराटोरांचं घेतलं तर त्यात चोरी कसली? हा वाद मी दर वेळी जिंकायचे, आणि दर वेळी पुन्हा घालावा लागायचा.

मग एकदा भांडुपच्या एका लग्नात एका मुलीनं उभं राहून माझी मंगलाष्टकं म्हटली. वहीसकट! मला न विचारता! मी संतापानं लाल झाले. घरी येऊन चप्पल भिरकावली आणि वडिलांना सांगितलं, की माझ्या ओळी चोरल्या. वडील शांतपणे कोट चढवायला लागले. "पत्ता सांग. भेटून येतो. असं करणं बरं नव्हे." मी त्यांचा कोट धरून ठेवला. जाऊ द्या, मुलगी लहान आहे, कशाला तिच्या घरी बोलणी बसायला, असं काहीबाही बोलत राहिले. वडील म्हणाले, "मन मोठं आहे तुझं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारल्या होत्या, आणि वर शाबासकी घेतली होती.

त्यानंतरचं लग्न मुलुंडलाच होतं. म्हणून झाल्यावर मला कोणीतरी कोठीच्या खोलीतून लाडवांचं ताट आणायला पिटाळलं. कोठी म्हणजे पक्वान्नांची खोली. तिथं एक भरवशाचं माणूस बसवायची पद्धत होती, नाहीतर पंगतीआधीच निम्मे लाडू गायब. दाराशी पाटावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. घाटकोपरच्या त्या लग्नातल्या नवरीची ही आत्या, आणि महापालिकेच्या शाळेत शिकवते, एवढं मला ऐकून माहीत होतं. सगळे त्यांना "बाई" म्हणत. लग्नाला बोलवायचं, पण मांडवात पुढे बसवायचं नाही, असा विधवांचा तेव्हा हिशेब होता. म्हणून कोठी.

त्यांनी ताट भरलं आणि हातात देताना विचारलं, "फणीची वही का केलीस गं?"

मी म्हटलं, "तुमची... मला माहीत नव्हतं. खाली बालगोपाळ होतं."

"मग काय छापणार? लग्नाच्या कागदावर माझं नाव?" त्या हसल्या. राग दिसत नव्हता, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. "म्हण हो तू. चांगली म्हणतेस. आमच्या त्या मुलीपेक्षा कितीतरी बरी. पण वही नको."

"ती मॅट्रिक पास होती म्हणून..."

"वही विसरली तर नवी घेता येते." लाडवांवर फडकं झाकत त्या सांगायला लागल्या, जसं वर्गात धडा सांगतात तसं. "मी चौदाव्या वर्षी सासरी गेले. फणी माहेरी कोनाड्यात राहिली. आईनं ती जपून ठेवली, पोरीला सणाला धाडतील तेव्हा देईन म्हणून. सोळाव्या वर्षी मी परत आले ती कायमची. न्हाव्याला बोलावलं होतं. आईनं ती फणी कुठं लपवली कोण जाणे, ती मला शेवटपर्यंत दिसली नाही. पुढे भावानं शिकायला घातलं, केसही आले. फणी नाही आली." मग एकदम म्हणाल्या, "जा, पंगत खोळंबली असेल."

मी पंगतीत लाडू वाढले. कोणाला किती वाढले ते मला कळत नव्हतं. त्यांनी मला माफ केलं होतं की कामाला लावलं होतं? मंगलाष्टकं माझी झाली की पहिल्यापेक्षाही जास्त त्यांची झाली? आणि ज्या ओळीवर सगळा मांडव माहेरच्या मायेनं रडत होता, ती ओळ तर एका विधवेच्या फणीची निघाली. ती लग्नात म्हणावी तरी का? पुढच्या लग्नात मी "फणी" म्हटलं. बायका रडल्या. मी मात्र पुढचं कडवं घाईनं उरकलं.

पुढच्या वैशाखात माझंच लग्न ठरलं. मुलगा विक्रोळीच्या कारखान्यात नोकरीला. वडिलांनी उत्साहाच्या भरात माझ्या वहीतून मंगलाष्टकं काढली, आमची नावं घातली आणि मला न सांगता छापखान्यात टाकली. एका रविवारी सकाळी कच्चा कागद माझ्यापुढे धरला. खाली ठळक टाइपात छापलं होतं: "रचना: वधू". त्याखाली माझं पूर्ण नाव.

तोवर सगळं तोंडी होतं. आता नाव छापून समोर आलं होतं. त्यांची फणी, त्यांची आई, त्यांचा न्हावी, आणि खाली मी! मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वरच्या मजल्यापासून भांडुपपर्यंत, आणि कोठीतल्या बाईंचंही.

वडिलांनी कागद मागे घेतला. मला वाटलं, आता बोलतील. ते रागावलेच नाहीत. म्हणाले, "मी भांडुपला निघालो होतो." एवढंच. ते मला कानाखाली मारल्यापेक्षा जास्त लागलं. मग म्हणाले, "घाटकोपरला जा. आमंत्रण दे, परवानगी माग. त्यांचं नाव घालू."

आई म्हणाली, "अहो, वेड लागलंय का? मुलीच्या लग्नाच्या कागदावर? तिच्या सासरचे काय म्हणतील?"

"ज्याचं त्याला," वडील म्हणाले.

मी गेले. बाई वह्या तपासत होत्या. मी सगळं एका दमात बोलले. त्यांनी तांबड्या शाईचा टाक बाजूला ठेवला आणि मान हलवली. "नको. तुझे वडील भले आहेत, पण नको. उद्या तुझ्या घरात ताप जरी कोणाला आला, तरी म्हणतील, त्या कागदामुळे. मला काय, मी ऐकून घेईन. तुला ऐकावं लागेल." मग विचारलं, "फणी ठेवली आहेस ना?"

"ठेवली आहे."

"मग झालं तर."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. सासरी पहिल्याच दिवशी वाद नको होता मला. आणि हायसं वाटलं म्हणून परत येताना स्वतःचाच इतका राग आला की वाटेत मी स्वतःला शिव्या घालत होते.

घरी वडील वाट बघत होते. नको म्हणाल्या, असं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या पेन्सिलीनं माझं नाव खोडलं. वरचं "रचना: वधू"ही खोडलं. आईनं "बालगोपाळ" सुचवलं, तर म्हणाले, "आपल्या घरात बालगोपाळ कुठायत? कोरं राहू दे." मग कागदाची घडी करता करता त्यांनी विचारलं, "बरं, त्यांचं नाव काय?"

घाटकोपरला मी नाव विचारायलाच गेले होते, आणि नको म्हटल्यावर ते विचारायचं राहूनच गेलं. छापायचं नाही तर हवं कशाला, असं वाटलं असावं. वडील म्हणाले, "छापायचं नव्हतं, पण माहीत तरी करून घ्यायचं होतंस."

लग्नाला बाई आल्या. अंतरपाटाच्या अलीकडे मी मान खाली घालून उभी. माझ्या मावसबहिणीनं तिसरं कडवं म्हटलं. फणी आली. मला हुंदका आवरेना, आणि सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

पंगतीनंतर माझे सासरे कागद हातात घेऊन वडिलांकडे आले. "काय सुरेख आहेत हो! कोणी रचली?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि खरं त्यांना पुरतं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "घाटकोपरच्या एका बाईंनी."

"कोण? काय नाव?"

बाई आमच्यापासून दहा पावलांवर, कोठीच्या दाराशी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांनी वर बघितलं. मी बोट दाखवू शकले असते. नुसतं "त्या" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनीच नको म्हटलं होतं ना? की मी त्या नको म्हणण्याच्या आड लपले? ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. सासरे कागद खिशात घालून पान खायला निघून गेले.

पुढे बाईंची बदली झाली, आणि माझाही संसार सुरू झाला. कधीतरी विचारू म्हणत राहिले. मागल्या वर्षी नातीच्या लग्नात तिच्या मैत्रिणीनं तीच मंगलाष्टकं म्हटली. कुठून मिळाली विचारलं, तर म्हणाली, "आजी, ही तर पारंपरिक आहेत!" त्या सगळ्या लग्नांतल्या नवरा-नवरींची नावं मला अजून तोंडपाठ आहेत, वृत्तात बसवायला निम्मा कापलेला तो नवरदेवसुद्धा. बाईंचं नाव मात्र मला माहीत नाही.