एल आणि व्ही

वेलदोड्याचा वास आला की कोपरगावच्या आमच्या ओसरीतला तो पाट आठवतो. लढाईमुळे साखर मिळेना, म्हणून आईने गुळाच्या चहात वेलदोडा सढळ टाकला होता. मला बघायला संगमनेरचे एक वकील मुलाला घेऊन आले होते. ते म्हणाले, "एल आणि व्ही असलेला चार अक्षरांचा इंग्रजी शब्द सांग बरं, अर्थासकट." मला इंग्रजी शिकवणारे माझे वडील, अण्णा, निर्धास्त बसले होते. माझ्या डोक्यात मात्र 'लव्ह' हा एकच शब्द गरगरत होता, आणि त्याचा अर्थ वडीलधाऱ्यांसमोर, त्यातून त्या मुलासमोर, कसा सांगायचा? पदराचं टोक पिळत मी म्हणाले, "येत नाही." नकार आला त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "एकही आठवला नाही?" "एकच आठवला, अण्णा." कोणता, ते त्यांनी विचारलं नाही. अजून शब्दकोड्यात ती दोन अक्षरं दिसली की माझा हात पदराकडे जातो.