खालच्या ओळीतला बिल्ला

तिकीट खिडकीवरच्या कारकुनाला केबिनवाल्या काकींबद्दल खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं दोघांची दारं समोरासमोर होती. रस्त्याच्या अलीकडे काकींचं केबिनचं आवार आणि पलीकडे, जिथून डोंगर चढायला लागतो तिथे, राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आणि त्याची खिडकी. पण काकींचं माहेर कुठलं, रविवारी दुपारी दार लोटून घेऊन त्या काय वाचत बसतात, त्यांना डोंगर आवडतो की नाही, यातलं काही त्याने कधी विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू म्हणता म्हणता राहूनच गेलं. येणारीजाणारी माणसं त्यांना काकी म्हणत. काकींचे यजमान सुतार, ते कारकुनाचे मित्र. म्हणून तो वहिनी म्हणायचा आणि त्या त्याला भाऊजी. ओळख म्हणायची ती एवढीच.

आवारात सहा केबिन होत्या, सगळ्या सुतारांनी स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या, आणि मागच्या उतारावर दहा तंबूंची जागा. चादरी, शेगड्यांची राख, उंदीर, तुंबलेले नळ हे सगळं काकी एकटीने बघायच्या आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढायच्या नाहीत. त्यांचा जीव टांगणीला लागायचा तो डोंगरावर गेलेल्या माणसांसाठी. कचेरीच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकून घेतली होती. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. वर जाणाऱ्याने आपल्या केबिनच्या नाहीतर तंबूच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला वरच्या ओळीत टांगायचा, परत आला की खालच्या. उद्यानवाल्यांना असली भानगड नव्हती. जाताना तिकीट फाडलं की त्यांचं काम संपलं. काकी मात्र खालची ओळ भरेपर्यंत आवाराचं फाटक लावत नसत.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी उन्हाळ्यात मात्र त्यांचं चांगलंच हसं झालं होतं. एका नवराबायकोचा बिल्ला पाच वाजले तरी वरच होता. काकींनी बचाव पथकाला फोन केला, बारा माणसं डोंगर चढून गेली, आणि ते दोघं गावातून आईस्क्रीम खात चालत आले. बिल्ला बदलायला विसरले होते. पथकाचा प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाला की काकींनी पुढच्या वेळी आधी आईस्क्रीमच्या दुकानात बघून यावं. सगळे हसले. कारकूनही हसला, थोडासा. सुतारांना तर महिनाभर विषय पुरला. पाहुणा शिंकला तरी आमची ही पथक बोलावील, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.  काकींनी कानाला खडा लावला होता, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून दिसायचं.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात चार नंबरच्या तंबूत एक बाप आणि त्याची आठ वर्षांची मुलगी उतरली होती. सकाळी आठला कारकुनाने त्यांची तिकिटं फाडली. धबधब्यापर्यंत जाऊन दोनपर्यंत परत येतो, असं बाप सांगत होता. मुलीने वर साप आहेत का विचारलं आणि कारकुनाने, आहेत पण ते आळशी आहेत, असं सांगितलं. दुपारी एकनंतर धुकं उतरायला लागलं आणि हवा एकदम गार पडली.

पावणेचारला काकी ॲप्रन न काढता, ओल्या हातांनी रस्ता ओलांडून आल्या.

"भाऊजी, चार नंबरचे बापलेक उतरताना दिसले का तुम्हाला?"

कारकुनाला ते दिसले नव्हते. पण जेवायला तो मागच्या खोलीत बसला होता, आणि तेवढ्या वेळात दहा माणसं उतरली असती तरी त्याला कळलं नसतं. "आले असतील की," तो म्हणाला. "बिल्ला काय म्हणतो?"

"बिल्ला खालच्या ओळीत आहे."

"मग झालं तर."

पण काकी हलेनात. खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी खाली बघत सांगितलं. हंगाम संपत आला म्हणून धुकं उतरायच्या आधी त्यांनी सगळे बिल्ले काढले होते, साबणाने घासले होते, उन्हात वाळवले होते आणि परत टांगले होते. टांगताना बघून टांगले की सगळे सरसकट खालीच लावून टाकले, ते आता त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.

"हात आपोआप चालतात हो," त्या म्हणाल्या. "डोकं दुसरीकडे असतं."

त्यांना काय हवं होतं ते कारकुनाला समजत होतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, की लावा फोन. पण उन्हाळ्यातली ती आईस्क्रीमची गोष्ट त्यालाही आठवली. पुन्हा ह्यांचं हसं व्हायला नको असं त्याला वाटलं, की आपण मध्ये पडायला नको असं वाटलं, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. अर्धा तास वाट बघा, असं तो म्हणाला. काकींनी मान हलवली आणि त्या परत गेल्या.

खिडकीतून त्याला सगळं दिसत होतं. काकी त्या माणसाच्या गाडीपाशी गेल्या आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गरम आहे का ते पाहिलं. न्हाणीघरात जाऊन आल्या. सुतार रंधा हातात घेऊन बाहेर आले आणि, पुन्हा सुरू झालं का तुझं, एवढं तरी नक्की म्हणाले. काकी उतारावर तंबूपाशी गेल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. तंबूच्या चेनची दोन्ही टोकं बाहेरून बुटाच्या नाडीने बांधलेली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. आत माणूस असता तर गाठ बाहेरून कशी असेल? तोवर धुकं तिसऱ्या केबिनपर्यंत आलं होतं.

त्या जवळजवळ पळतच आल्या. फोन कारकुनाच्या टेबलावर होता. पथकाच्या माणसाने पलीकडून काहीतरी गमतीने विचारलं असावं, कारण काकींनी त्याला मध्येच तोडलं.

"चूक माझी आहे. बिल्ला मीच हलवलाय. पण बापलेक वर आहेत, आणि मुलगी आठ वर्षांची आहे. हसायचं असेल तर उद्या हसा."

सहा माणसं वर गेली. मग दीड तास नुसती वाट बघणं. कारकुनाने चहा केला, तो तसाच निवला. काकी उद्यानाच्या फाटकाला टेकून उभ्या होत्या आणि केव्हाच कोरडे झालेले हात ॲप्रनला पुसत होत्या. सुतार शाल घेऊन आले, ती त्यांनी बायकोच्या खांद्यावर टाकली आणि शेजारी उभे राहिले. त्यांना एकही विनोद सुचला नाही. मधेच काकींनी कारकुनाला विचारलं, की तुम्ही अर्धा तास थांबा म्हणालात तेव्हा किती वाजले होते.

"पावणेचार."

"मी दहाच मिनिटं थांबले," काकी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पण उरलेली वीस मिनिटं कारकुनाच्या मनातून जाईनात.

साडेपाचच्या सुमाराला वरून शिट्टी ऐकू आली. धबधब्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या पुलाखाली बापाचा पाय घसरून घोटा मोडला होता. त्याला सोडून जायचं नाही असं मुलीने ठरवलं होतं. स्वतःचं जाकीट तिने बापाच्या पायावर टाकलं होतं आणि ती भिजून निळी पडली होती. तिचे दातावर दात आपटत होते. पथकाचा प्रमुख उन्हाळ्याबद्दल काही बोलला नाही. त्याने फक्त गरम पाणी मागितलं आणि, अजून तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं, असं हळूच सुतारांना सांगितलं.

काकींनी मुलीला शेगडीपाशी बसवलं, तिचे पाय चोळले आणि मग त्या बाहेर स्ट्रेचरपाशी गेल्या. सुतार मानेने नको नको म्हणत होते. तरी काकींनी बिल्ल्याचं सगळं त्या माणसाला सांगून टाकलं.

त्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे आम्ही परत आलोय असं समजून तुम्ही फाटक लावून घेतलं असतं."

"हो," काकी म्हणाल्या.

 दुसऱ्या दिवशी मुलीचा मामा येऊन तंबू आणि सामान घेऊन गेला. कारकुनाच्या माहितीप्रमाणे त्यांच्याकडून पुढे कधी पत्र वगैरे आलं नाही.

फळी होती तिथेच राहिली, पण काकींनी तिच्यावर एकटीवर विसंबणं सोडलं. रोज संध्याकाळी त्या खिडकीशी यायच्या आणि किती परत आले ते विचारायच्या. आणि कारकून, ज्याचं ते काम नव्हतं, उतरणाऱ्या माणसांच्या खुणा पेन्सिलीने जुन्या पावत्यांच्या पाठीवर करायला लागला. जेवायलाही तो खिडकीतच बसायचा. वरच्या साहेबांपैकी कोणी शाबासकी दिली नाही आणि कोणी हटकलंही नाही. असं सहा वर्षं चाललं. सहाव्या हिवाळ्यात तो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेला आणि तिथेच त्याला सुतारांचा फोन आला, की काकी छातीच्या दुखण्याने आठ दिवसांत गेल्या.

तो लेकीकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी काकी नेहमीसारख्या खिडकीशी आल्या होत्या.

"किती, भाऊजी?"

"नऊ गेले, नऊ आले."

"त्यात तो उंच माणूस धरलात ना? निळ्या टोपीवाला?"

"धरला, वहिनी."

"तो मला नाही दिसला."

"मागच्या वाटेने उतरला. मी बघितला."

"नक्की ना?"

"नक्की."

"बरं. मग लावते मी फाटक."